विश्लेषण : मंडळाची सरासरी भरली, मग बांधी रिकामी कशी?

राज्यात खरीप २०२५ पासून एक रुपयातील पीक विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतील सरासरी उत्पादनावर ठरू लागली. सौंदडसारख्या (जि. गोंदिया) धानपट्ट्यात ही सरासरी कुणाला न्याय देते?

भरपाई कशी ठरते?

मागील ७ वर्षांपैकी चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीच्या ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. महसूल मंडळाची सरासरी त्याखाली गेली, तरच तुटीच्या प्रमाणात भरपाई मिळते.

सरासरी काय लपवते?

मामा तलावाखालची बांधी ओलिताची, तर वरथेंबी बांधी पावसाच्या खंडात वाळते. समजा, उंबरठा हेक्टरी १४ क्विंटल आहे. प्रयोगाच्या १० बांध्यांपैकी सातांत २० क्विंटल आणि तिघांत ४ क्विंटल धान निघाले. सरासरी १५.२, म्हणजे मंडळात कुणालाही भरपाई नाही. ४ क्विंटलवाल्यालाही नाही.

निवडीने किती फरक पडतो?

प्रयोगाची शेते यादृच्छिक पद्धतीने निवडली जातात. त्याच मंडळात निवडीत तीनऐवजी चार वाळलेल्या बांध्या आल्या असत्या, तर सरासरी १३.६ झाली असती आणि सर्वच विमाधारकांना सुमारे ३ टक्के भरपाई मिळाली असती. यात कुणाचीही लबाडी नाही. हा नमुन्यातला स्वाभाविक चढउतार आहे. तो निम्म्यावर आणायचा तर प्रयोग चौपट करावे लागतात.

पद्धत मुळात कशासाठी होती?

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधत. साताऱ्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात यादृच्छिक नमुन्यावर आधारित कापणी प्रयोग रुजवले. उद्देश होता मोठ्या क्षेत्राचे उत्पादन मोजण्याचा. एकेका शेताचे नुकसान ठरवण्याचा नव्हे.

मग उपाय काय?

प्रयोग वाढवले की सरासरी अचूक होते, पण बांधीबांधीतली तफावत कायम राहते. त्यासाठी विमा क्षेत्र मंडळाऐवजी गावापर्यंत आणावे लागेल. त्याला मनुष्यबळ आणि खर्च लागेल. धान बुडाल्याचे नुकसान खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीत धरण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. पावसाच्या खंडाने वाळलेल्या बांधीचा निकाल मात्र अजून मंडळाच्या सरासरीवरच आहे.