‘वय झालं’ हा आजार नाही! म्हाताऱ्या मांजराचे डोळे-कान अचानक गेले तर…



मी माणसांचा डॉक्टर आहे. एमबीबीएस, एमडी मेडिसिन. मांजरांवर उपचार करण्याचा मला परवाना नाही, आणि तो अधिकार मी सांगतही नाही. तरी आजचा लेख एका मांजराबद्दल आहे. कारण त्या मांजराच्या बाबतीत माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, जे आपल्या घराघरांत आणि दवाखान्यांत दिवसातून दहा वेळा बोललं जातं: “वय झालं.”

या वाक्याने किती नुकसान होतं ते आज सांगायचं आहे.

माझ्याकडे आपट्याहून एक आजी बीपीच्या तपासणीसाठी येतात. त्यांचं घर रेल्वे लाइनीपासून जवळच आहे. एकदा तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाल्या, “डॉक्टर, आमची मनी कालपासून भिंतीला आपटतेय. दिसत नाय वाटतं तिला. आणि मालगाडीची शिट्टी झाली की खाटेखाली पळायची, आता हलत पण नाय.”

मनीचं वय चौदा वर्षं. मी हसून म्हणालो, “आजी, चौदा वर्षांचं मांजर म्हणजे आपल्यातली सत्तरी ओलांडलेली बाई. वय झालं तिचं.”

“माझं पण झालंच की,” असं म्हणून आजी चिठ्ठी घेऊन गेल्या.

दहा दिवसांनी त्यांची नात आजीच्या गोळ्या न्यायला आली. तिने मनीला पिशवीत घालून पनवेलला पशुवैद्यांकडे नेलं होतं. मनीचं वरचं बीपी २१० निघालं. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेले होते आणि रक्ताच्या तपासणीत किडनी कमजोर झालेली दिसली. नातीने मला सरळ विचारलं, “डॉक्टर, तुम्ही दर महिन्याला आजीचं बीपी मोजता. मांजराला पण बीपी असतं, हे तुम्हाला सुचलं नाही?”

नाही सुचलं. ‘वय झालं’ म्हटलं की पुढचं काही सुचत नाही. या वाक्याचा खरा दोष तोच आहे. ते उत्तरासारखं वाटतं, आणि म्हणून प्रश्न तिथेच थांबतो.

वय हळू येतं, आजार अचानक येतो

म्हातारपणाचे बदल महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे होत राहतात. म्हाताऱ्या मांजराच्या डोळ्यात निळसर धूसरपणा दिसतो, पण तेवढ्याने ते आंधळं होत नाही. ऐकू येणंही हळूहळू कमी होतं. सोमवारी उंच फडताळावर उडी मारणारं मांजर गुरुवारी भिंतीला धडकत असेल, तर ते तीन दिवसांत म्हातारं झालेलं नसतं. काहीतरी घडलेलं असतं आणि ते शोधावं लागतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मांजर आपला अधूपणा फार चांगला लपवतं. मिशा, वास आणि घराची सवय यांच्या जोरावर कमी दिसणारं मांजरही घरभर बिनचूक फिरतं. मग एक दिवस कपाट सरकवलं की घरच्यांना वाटतं, आजच दृष्टी गेली. पण दृष्टी खरोखर अचानक गेली की आधीपासूनच जात होती, हे तरी घरात बसून कसं कळणार? त्यासाठीही तपासणीच लागते.

नेमकं होतं काय?

म्हाताऱ्या मांजराची दृष्टी अचानक जाण्याचं एक नेहमीचं कारण वाढलेला रक्तदाब हे आहे. माणसांसारखंच मांजरातही बीपी गुपचूप वाढतं. त्यामागे बहुतेक वेळा किडनीचा जुना आजार किंवा थायरॉइडचा जास्तीचा स्राव असतो. डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना हा दाब सहन होत नाही. त्यातून पाणी झिरपतं, पडद्याच्या मागे साठतं आणि पडदा जागेवरून सुटतो. भर उन्हातही दोन्ही बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर दिसतात. कधी डोळ्यात रक्त उतरलेलं दिसतं.

पशुवैद्यकात वरचं बीपी १६० किंवा जास्त असेल तर मांजराला उच्च रक्तदाब आहे असं धरतात. १८० च्या पुढे डोळे, मेंदू, किडनी आणि हृदय यांना मोठा धोका असतो. मापन पुढच्या पायाला किंवा शेपटीला लहान पट्टा बांधून होतं. दवाखान्यात घाबरून मांजराचंही बीपी वाढतं, म्हणून आधी त्याला पाच-दहा मिनिटं शांत बसू द्यायचं आणि मग बऱ्याच वेळा मोजून सरासरी काढायची. माणसांसाठीही हीच पद्धत योग्य आहे. आम्ही गर्दीत ती पाळत नाही, ही गोष्ट वेगळी.

मुख्य मुद्दा असा की यावर औषध आहे. बीपी वेळेत खाली आणलं तर पडद्यामागचं पाणी शोषलं जाऊ शकतं, पडदा पुन्हा बसू शकतो आणि थोडी दृष्टी परत येऊ शकते. ‘वेळेत’ म्हणजे काही दिवसांत. मी त्यातले दहा दिवस एका वाक्यात घालवले.

कानांची कारणं वेगळी असतात: वयाने येणारा बहिरेपणा, कानाच्या आतला संसर्ग, कानातली गाठ, काही औषधं. डोळे आणि कान खरोखर एकाच वेळी गेले असतील तर मेंदूचा आजार आणि विषबाधा यांचा विचार करावा लागतो. नुकतीच भूल देऊन दात काढले असतील तर तेही पशुवैद्यांना सांगावं. लांब वेळ जबडा ताणून ठेवल्याने मांजराच्या मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

आजीच्या डब्यातली गोळी मांजराला नको

मांजराच्या बीपीवर नेहमी वापरलं जाणारं औषध आहे ॲम्लोडिपिन. हेच औषध आजीच्या डब्यात असतं. आता पुढचा मोह ओळखा! “मग अर्धी गोळी देऊन बघू का?” अजिबात नाही. चार किलोच्या मांजराचा डोस त्या गोळीच्या बारीक तुकड्याएवढा असतो, आणि तोही मोजलेल्या बीपीवर ठरतो. बीपी एकदम कोसळलं तर मांजर जाईल. दृष्टी जाण्याचं कारण बीपी नसेल तर औषध तर चुकेलच, शिवाय वेळही जाईल.

पॅरासिटामॉल तर हातातही घेऊ नका. आपलं यकृत ज्या पद्धतीने ते बाहेर टाकतं ती पद्धत मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, चेहरा सुजतो. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. एन्रोफ्लॉक्सॅसिन जास्त मात्रेत गेलं तर मांजर कायमचं आंधळं होऊ शकतं. कानाचा पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनचे थेंब टाकले तर ते बहिरं होऊ शकतं. म्हणजे ज्या दुखण्यावर इलाज करायला निघालात, तेच तुम्ही ओढवून घ्याल.

आणि डॉक्टर मंडळींनो, आपणही “माझ्याच पेशंटचं मांजर आहे” म्हणून चिठ्ठी लिहू नये. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा १९८४ चा कायदा आहे. प्राण्यांवरचे उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यांचं काम आहे.

“माणसांना औषध मिळत नाही, मांजराचं काय घेऊन बसलात?”

हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. ज्या घरात आजीची गोळी महिनाअखेरीला परवडत नाही, तिथे मांजराच्या रक्ततपासणीचा खर्च जड जातोच. गावाजवळचा गुरांचा दवाखाना गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांसाठी असतो. मांजराला बसेल असा बीपीचा पट्टा तिथे असेलच असं नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. ‘परवडत नाही’ ही अडचण आहे. ‘वय झालं’ ही सबब आहे. अडचण सांगितली तर पशुवैद्य मार्ग काढतात: आधी नुसतं बीपी मोजू, डोळे बघू, रक्ताचं नंतर पाहू. सबब पुढे केली तर कोणीच काही करत नाही, आणि वर सगळ्यांना आपण शहाणे असल्याचं समाधान मिळतं.

शिवाय ही विद्या काही परदेशातून कालपरवा आलेली नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे. त्याच परिसरात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. आपट्याहून परळ काही सातासमुद्रापार नाही, आणि पनवेल तर त्याहून जवळ. आपणच मांजराला ‘पेशंट’ मानत नाही, म्हणून ते अंतर लांब वाटतं.

आंधळं झालेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळी बाजारात सोडून येणाऱ्यांनाही सांगतो: याला ‘निसर्गाच्या स्वाधीन करणं’ म्हणू नका. ज्याला कुत्रा दिसत नाही आणि गाडी ऐकू येत नाही, ते तिथे एक रात्र काढणं कठीण आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा रीतीने प्राणी वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे.

आणि आता माणसांबद्दल

मनीच्या निमित्ताने मी माझ्या ओपीडीकडे बघितलं. एक निवृत्त गृहस्थ महिनाभराने माझ्याकडे आले होते. एका सकाळी उठले तेव्हा डावा कान बंद. घरचे म्हणाले मळ असेल. कोणीतरी थेंब दिले. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, “वय झालं.” कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा कळलं की कानाची नसच गेली आहे. अशा वेळी स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर तितके बरे, आणि पहिले दोन आठवडे मोलाचे असतात. ते घरातल्या चर्चेत संपले होते.

डोळ्याचंही तसंच. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, समोर काळा पडदा आल्यासारखं वाटणं, एकदम काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकारे दिसणं, याला मोतीबिंदू म्हणत घरी बसायचं नसतं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. पाच मिनिटं दिसेनासं होऊन परत दिसायला लागलं तरी जायचं, कारण ती पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते.

मांजर बोलू शकत नाही. आपल्या घरातली म्हातारी माणसं बोलू शकतात, पण बोलत नाहीत. कारण उत्तर काय येणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

घरी काय करावं?

- मांजराची दृष्टी अचानक गेल्यासारखी वाटली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे न्या. “बीपी मोजाल का?” असं स्वतःहून विचारा.
- घरी चाचणी करायची तर कापसाचा बोळा त्याच्या डोळ्यांसमोर वरून सोडा. नजर त्याच्यामागे जाते का बघा. कापूस पडल्याचा आवाज होत नाही, म्हणून ही चाचणी खरी.
- मांजर सात वर्षांचं झालं की वर्षातून एकदा बीपी मोजून घ्या. म्हातारं मांजर जास्त पाणी पीत असेल, जास्त लघवी करत असेल, वजन घटत असेल तर थांबू नका.
- नुसत्या दूधभातावर मांजर ठेवू नका. त्याला टॉरिन लागतं आणि ते मासे-मटणातून मिळतं. टॉरिनच्या अभावाने मांजराचा डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ पासून, आणि हृदय कमजोर होतं हे १९८७ पासून माहीत आहे.
- दृष्टी गेलीच असेल तर घरातलं सामान हलवू नका. पाणी, खाणं आणि शी-शूची जागा बदलू नका. जिना आणि विहिरीची बाजू बंद करा, बाहेर सोडू नका.
- ऐकू येत नसेल तर मागून एकदम उचलू नका. जमिनीवर पाय हलकेच आपटत जवळ जा. थरथर त्याला कळते.

मनीचं काय झालं?

पशुवैद्यांनी सुरू केलेल्या औषधाने तिचं बीपी आटोक्यात आलं. एका डोळ्याने तिला सावल्या दिसतात. दुसरा डोळा गेला. कान तपासले तेव्हा आत आजार सापडला नाही. ऐकू येणं बहुधा आधीपासूनच हळूहळू कमी होत होतं, मालगाडीमुळे ते फक्त लक्षात आलं. म्हणजे कानांच्या बाबतीत ‘वय झालं’ हे खरंच होतं. पण ते तपासल्यावर कळलं. मी तर मांजर न बघताच खुर्चीतून निकाल दिला होता.

आजी परवा आल्या होत्या. बीपी मोजायच्या आधी मी त्यांना विचारलं, दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं का, दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं का. त्यांनी जरा आश्चर्याने बघितलं. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज हे दोन प्रश्न विचारा. घरात म्हातारं मांजर असेल तर कापसाचा बोळाही सोडून बघा.