पत्त्यावरचा संशय

१८२४ साली इंग्लंडच्या संसदेने भटक्यांविरुद्ध कायदा केला. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपून नऊ वर्षे झाली होती. पलटणींतून सुटलेले, अधू झालेले, काम नसलेले शिपाई रस्त्यांवर झोपत होते, त्यांना उचलण्यासाठी कॉन्स्टेबलांना आणि मॅजिस्ट्रेटला हक्क हवा होता. उघड्यावर झोपलेला आणि उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसलेला माणूस या कायद्याने गुन्हेगार ठरला. पैसे घेऊन भविष्य सांगणाराही त्याच रांगेत बसवला गेला.

त्यानंतर १३५ वर्षांनी, स्वतंत्र भारतात, मुंबई राज्याने १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचावी. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, विकायला वस्तू पुढे करणे, यांपैकी कशाच्याही निमित्ताने पैसे घेतले तर ती भीक. उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरणे, की हा भिकेवर जगत असावा असे पाहणाऱ्याला वाटावे, हीसुद्धा भीक. वासुदेव, नंदीबैलवाला, डोंबारी, कुडमुड्या जोशी या एका कलमात सापडतात. ज्यांच्या पदरात पसाभर धान्य टाकणे ही मराठी गावाची रीत होती, त्यांना मुंबई राज्याने आरोपी केले. पोलिसाने वॉरंटशिवाय पकडायचे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे डांबायचे, आणि माणूस पुन्हापुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. असे पकडलेले लोक मुंबईत जिथे ठेवले जातात ते भिक्षेकरी गृह चेंबूरला आहे, गोवंडी या कचऱ्याच्या डोंगरालगतच्या उपनगराच्या अगदी शेजारी.

इंग्लंडमध्ये १८२४ च्या कायद्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. त्याच्या चौथ्या कलमातल्या ‘संशयित व्यक्ती’ या शब्दांचा आधार घेऊन लंडनचे पोलिस कॅरिबियन वंशाच्या तरुणांना वर्षानुवर्षे उचलत राहिले. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन पेटले, लॉर्ड स्कार्मन यांची चौकशी झाली आणि त्याच वर्षी तेवढा भाग रद्द झाला. उरलेला कायदा रद्द करण्याची तरतूद संसदेने २०२२ मध्ये मंजूर केली, पण पर्यायी अधिकार हाती येईपर्यंत ती अंमलात आणायची नाही, असे सरकारने ठरवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी रस्त्यावर तंबू ठोकून राहणे ही काही जणांनी निवडलेली जीवनशैली आहे असे म्हटले. २०२५ मध्ये नव्या सरकारने हा कायदा घालवण्याची पुन्हा घोषणा केली. पोलिसदलाचीही तीच गत. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडन पोलिसांत संस्थात्मक वंशभेद आहे असा निष्कर्ष काढला आणि २०२३ मध्ये बॅरोनेस केसी यांना तोच निष्कर्ष पुन्हा लिहावा लागला. चोवीस वर्षांत दोन जाड अहवाल आणि दुखणे जागच्या जागी! ब्रिटिश राजकारण्यांच्या सुधारणेच्या आश्वासनांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही, ते यामुळेच. तरीही तिथे चौकशी झाली, ती छापली गेली आणि सरकारला तोंड द्यावे लागले, एवढे मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे जे पोलिस आले ते मात्र लंडनचे नव्हते. रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये उभारलेले लंडनचे दल बिनहत्यारी होते आणि नागरिकांच्या संमतीची भाषा बोलणारे होते. सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर जे दल उभारले ते आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर, म्हणजे ताब्यात ठेवलेल्या रयतेवर नजर ठेवण्यासाठी. मुंबई इलाख्यासह पुढे हिंदुस्थानभर तोच नमुना गिरवला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणामागे ज्यांची हजेरी घेतली गेली, त्यांच्या वस्तीला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. पण मुंबई राज्याने १९५९ मध्येच सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि पारध्याच्या पालावर पहाटे येणारी पोलिसांची गाडी काही थांबली नाही.

गोवंडीसाठी सर्वांत जवळचा धागा तडीपारीचा आहे. मुंबई शहर पोलिस कायदा १९०२ चा. त्याच्या २७ व्या कलमाने पोलिस आयुक्ताला कोणाही ‘धोकादायक’ माणसाला शहराबाहेर घालवता येत असे, खटला न चालवता. संविधान आल्यावर त्याला आव्हान मिळाले. १९५२ च्या गुरबचनसिंग विरुद्ध मुंबई राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. त्या माणसाला आधी अमृतसरला जाण्याचा हुकूम होता, मग कल्याणला राहायची मुभा मिळाली. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा असा, की भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत तिथे अशी तरतूद वाजवी आहे. तोवर १९५१ चा मुंबई पोलिस कायदा आला होता आणि जुन्या २७ चे ५६ झाले होते. आज त्याला महाराष्ट्र पोलिस कायदा म्हणतात. कलम ५६ खाली जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दीबाहेर जायचे. नोटिशीत आरोपांचे फक्त साधारण स्वरूप सांगितले जाते. साक्षीदारांचे जबाब गुप्त असतात, म्हणजे नाव नाही, तारीख धूसर, उलटतपासणी नाहीच. प्रस्ताव पोलिस ठाण्याचा, सुनावणी पोलिस अधिकाऱ्यापुढे, हुकूम पोलिस उपायुक्ताचा, अपील राज्य सरकारकडे. ज्याला वकील परवडतो तो उच्च न्यायालयात जातो आणि पुष्कळदा हुकूम रद्द करून घेतो. ज्याला परवडत नाही तो बोरिया-बिस्तर उचलून भिवंडी गाठतो, हातचे काम सुटते, आणि मुदतीच्या आत आईला भेटायला आला तर परत येण्याचाच नवा गुन्हा अंगावर घेतो.

हद्दीबाहेर घालवायची ही सवय शहराने माणसांपुरती ठेवली नाही. १९२७ मध्ये देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली तेव्हा मुंबईची हद्द माहीम-शीवला संपत होती. देवनार, गोवंडी, मानखुर्द ही पलीकडची गावे. १९५० मध्ये बृहन्मुंबई झाली, गावे हद्दीत आली, पण शहराला नको ते तिकडे पाठवण्याचे थांबले नाही. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला आला. त्याच दशकात ठिकठिकाणच्या झोपड्या पाडून माणसे शिवाजीनगरला आणली गेली, दहा बाय पंधरा फुटांच्या जागा आखून. मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून चीता कॅम्पला हलवली. ती कॉलनीसुद्धा मुळात शहरातून उठवलेल्यांचीच. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांतले विस्थापित लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत आले. २०२४ मध्ये धारावीतल्या लोकांसाठी देवनार डंपिंगची सुमारे १२४ एकर जमीन देण्याचे राज्य सरकारने ठरवले. मुंबईच्या मानव विकास अहवालात, गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ होता, शहरात सर्वांत खाली. दक्षिण मुंबईतल्या डी विभागाचा ०.९६. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला मोठी आग लागली, धूर सगळ्या शहरावर पसरला, आणि संशयाची पहिली बोटे कचरा वेचणाऱ्यांकडे आणि भंगारवाल्यांकडे वळली. त्या ढिगात नव्वद वर्षे कचरा कोणी टाकला हा प्रश्न त्या मानाने फार हळू आवाजात विचारला गेला.

अशा वस्तीत पोलिसांचा संशय पत्त्यापासून सुरू होतो. गोवंडीच्या बैंगनवाडीतला मुलगा नोकरीच्या अर्जावर चेंबूर लिहितो, ते याचमुळे. सणावाराच्या किंवा निवडणुकीच्या आधी ज्यांची नावे ठाण्याच्या वहीत आहेत त्यांना बोलावले जाते, ‘चॅप्टर’, म्हणजे चांगल्या वर्तनाची हमी मागणारी कारवाई, भरला जातो, बाँड लिहून घेतला जातो. हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७, १०९ आणि ११० कलमांखाली चाले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, वसाहतीची खूण पुसल्याचे मोठ्या आवाजात सांगितले गेले. ती कलमे तिच्यात १२६, १२८ आणि १२९ या आकड्यांनी शाबूत आहेत. मुंबईत हा बाँड लिहून घेणारा विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे पोलिस दलातलाच सहायक आयुक्त. तक्रार करणारे खाते आणि निवाडा करणारे खाते एकच असेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही, मग कायद्याच्या मुखपृष्ठावर राजमुकुट असो की अशोकचिन्ह.

यावर गोवंडीतलेच लोक जे म्हणतात ते टाळता येणार नाही. ‘बटण’ म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्या आणि एमडी पावडरीच्या नशेने इथली पोरे वाया जातात, गल्लीत चाकू निघतात, आणि आयाच ठाण्यावर जाऊन कारवाई करा म्हणतात. त्यांची मागणी खरी आहे. त्यांना पोलिस हवेत, आणि लवकर येणारे हवेत. पण नशेचा माल विकणाऱ्यावर पुरावा गोळा करून खटला चालवणे हे मेहनतीचे काम आहे. त्याऐवजी वहीतल्या जुन्या नावाला दोन वर्षे बाहेर पाठवणे सोपे पडते. विकणारा जागेवर राहतो किंवा दुसऱ्या हद्दीत दुकान मांडतो, आणि कल्याण-मुंब्र्याच्या एखाद्या गल्लीला गोवंडीची अडचण भेट मिळते. पोलिसांनी कमी काम करावे असे कोणी म्हणत नाही. कृत्य सिद्ध करण्याचे काम त्यांनी करावे, एवढेच मागणे आहे.

न्यायालयांनी वाट थोडी मोकळी केली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हर्ष मंदर प्रकरणात मुंबईच्याच भीक कायद्यातल्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. कायदा मुंबईचा, दिल्लीत मोडला, मुंबईत उभा! जानेवारी २०२२ मध्ये जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो सरसकट वापरता येणार नाही, असे बजावून हुकूम रद्द केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतला जातिभेद मोडताना त्याच न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही सांगितले. सरकारला सल्ला हवा असेल तर तोही लांब नाही. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून देवनारला आहे. तिच्या ‘प्रयास’ने १९९० पासून कच्च्या कैद्यांबरोबर आणि ‘कोशिश’ने २००६ पासून भीक कायद्यात अडकलेल्यांबरोबर काम केले आहे.

भीक कायदा आणि कलम ५६ दोन्ही राज्याचे आहेत. ते बदलायला दिल्लीची परवानगी लागत नाही, विधिमंडळाचे एक अधिवेशन पुरते. भीक कायदा रद्द करावा आणि चेंबूरचे गृह, ज्याला यायचे तो येईल आणि ज्याला जायचे तो जाईल, असे निवाऱ्याचे ठिकाण व्हावे. तडीपारीची सुनावणी न्यायाधीशापुढे व्हावी आणि आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळावा. आणि हे होण्याआधी, येत्याच अधिवेशनात गृहमंत्र्यांनी गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, मानखुर्द आणि ट्रॉम्बे या पाच ठाण्यांच्या हद्दीतल्या गेल्या दहा वर्षांच्या तडीपारीच्या आणि चॅप्टरच्या हुकुमांची आकडेवारी सभागृहाच्या पटलावर ठेवावी. किती हुकूम निघाले, किती अपिलात टिकले, किती उच्च न्यायालयात पडले, आणि मलबार हिलच्या हद्दीत याच काळात किती निघाले.