रसद, आज्ञावली आणि एक अर्जी

इतिहासाचे उमेदवार शिक्षक डॉन रॉविट्श यांनी १९७१ साली मिनेसोटात दोन मित्रांसह रचलेला ‘ओरेगॉन ट्रेल’ हा संगणकीय खेळ, ज्यात बैल, शिधा आणि दारूगोळा यांचा हिशेब राखीत पश्चिमेस जिवंत पोहोचावयाचे असते, संगणकावरून पुसला गेला. जपलेल्या छापील प्रतीवरून १९७४ साली तो पुन्हा उतरविताना त्यांनी प्रवाशांच्या रोजनिशा धुंडाळून संकटांचे प्रमाण बसविले, आणि १९७८ साली ती आज्ञावली नियतकालिकात छापून आली. येरवड्याच्या संगणक-कार्यालयांतील एखाद्या हौशी तरुणाने तो मुक्त आज्ञावलीच्या रूपाने नव्याने रचावयास घेतलाच, तर माझी अर्जी अशी की, ओरेगॉनऐवजी १७६० साली बुणगे व यात्रेकरूंसह उत्तरेस निघालेली सदाशिवराव भाऊसाहेबांची मराठी फौज घ्यावी. यमुनेचा पूर आहेच, आणि बैलांपेक्षा सावकार मिळविणेच खेळाडूस अधिक जड जाईल.