तिलांजली कोणाकोणाला?

आज सर्वपित्री अमावस्या. विष्णुपुरीच्या काळेश्वरापाशी गोदामाईच्या काठावर, आणि गावोगावच्या नदीकाठांवर, दर्भ, काळे तीळ आणि तांब्या घेऊन बसलेली माणसे आज दिसतील. पिता, पितामह, प्रपितामह, मग मातृकुल, मग आप्तेष्ट, अशी नावे गोत्रासह उच्चारली जातील. परंतु तर्पण तेथे संपत नाही. ज्यांना पुत्र नाही, ज्यांचे नाव-गोत्र आपणांस ठाऊक नाही, जे आपले बांधव होते किंवा नव्हतेही, त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडावयाचे असते. गुरुजी घाईत असले म्हणजे हा भाग भराभर उरकला जातो. आम्हांला मात्र अवघ्या विधीचे मर्म तेथेच आहे असे वाटते. कालची चतुर्दशी तर शस्त्राने मेलेल्यांची. ते शस्त्र कोणाचे होते, हे शास्त्राने विचारलेले नाही.

महाभारतात युद्ध संपल्यावर लगेच विजयोत्सव येत नाही, स्त्रीपर्व येते. कौरव-पांडव दोन्ही कुळांच्या स्त्रिया गंगाकाठी एकत्र येतात. आणि तेथे कुंती पांडवांना सांगते की कर्ण तुमचा ज्येष्ठ बंधू होता, त्यालाही पाणी द्या. युधिष्ठिराला विजय कडू झाला तो त्या क्षणी. रणांगणावर दडून राहिलेले सत्य शोक एकत्र करावा लागला तेव्हा बाहेर आले.

मराठवाड्याला हा अनुभव पोथीबाहेरही आला आहे. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक निजले आणि दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. तो दिवस भाद्रपद पौर्णिमेचा, महालयाच्या तोंडाचा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, ही घराची रीत वाड्यातही तीच आणि मोहल्ल्यातही तीच. त्यामुळे मरणही सारखेच वाट्याला आले. सामुदायिक चिता पेटल्या तेव्हा गोत्र विचारावयास कोणी उरले नव्हते. पुढे २००१ मध्ये कच्छात भूकंप झाला, तेव्हा किल्लारी भागात पुनर्वसनाचे काम केलेल्या आपल्या खेड्यांतील स्त्रिया तेथील स्त्रियांना धीर द्यावयास गेल्या. भाषा परकी होती, पण ढिगारा ओळखीचा होता.

आता दुसरी एक अनंत चतुर्दशी आठवावी. ती १७ सप्टेंबर १९४८ ची. त्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. त्या लढ्यात १९४६ मध्ये अर्जापूरपाशी गोविंदराव पानसरे यांचा बळी गेला. रझाकारांनी किती घरे जाळली, किती कुटुंबे परागंदा केली, हे अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आहे. तो लढा न्यायाचा होता, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. मुक्तिदिनी हुतात्म्यांना आपण वंदन करतो, ते करावयासच हवे.

परंतु त्या दिवसांची दुसरीही एक बाजू आहे. पोलीस कारवाईच्या काळात व तिच्यानंतर या प्रदेशातील मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून पाहणी केली. तिच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्यासह आपला नांदेडही होता. अहवाल कित्येक दशके बंद राहिला. त्याच अहवालात असेही नमूद आहे की काही ठिकाणी हिंदूंनी शेजाऱ्यांना स्वतःचे प्राण देऊन वाचविले, आणि ही आपुलकी समव्यवसायी लोकांत विशेष दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आड उभे राहिले. एकाच मागावर बसणाऱ्याला, एकाच सावकाराचे देणे असणाऱ्याला, समोरचा माणूस शत्रू म्हणून दाखविणे कठीण जाते.

किल्लारीचे दुःख आपण एकत्र भोगले, म्हणून ते सर्वांचे झाले. १९४८ चे दुःख वाटून घेतलेच नाही. ज्याने त्याने आपापले मृत आपापल्या उंबऱ्याआड ठेवले. म्हणूनच युद्धाच्या गोष्टी आपल्या मुलांना अर्ध्याच कळतात, आणि अर्धी गोष्ट ऐकलेल्याला युद्ध सोपे वाटते. सीमेवर तणाव वाढला की दिवाणखान्यात बसून एकदाचा निकाल लावा म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले. किल्लारीत मातीखालून माणसे उपसलेले लोक इतक्या चटकन असे बोलतील, असे आम्हांस वाटत नाही.

ज्यांचे दफन झाले त्यांना तर्पण कसले, असे कोणी विचारील. तो शास्त्रार्थ आम्ही शास्त्र्यांवर सोपवितो. बांधव नसलेल्यांसाठीचे पाणी मात्र विधीत पूर्वीपासूनच आहे.

आज गुरुजींना त्या जागी थोडे थांबावयास सांगावे. हुतात्म्यांसाठी एक ओंजळ, किल्लारीच्या मृतांसाठी एक, आणि १९४८ च्या भाद्रपद-आश्विनात शेतांत, विहिरींत, वाटांवर संपलेल्या त्या निनावी माणसांसाठी एक. आमच्या घरी यंदा ती सोडली जाईल.