जनावर पुरायची एवढी घाई कशाला?

गोठ्यात जनावर दगावलं की आपण काय करतो? चार माणसं बोलावतो, बांधाच्या कडेला खड्डा घेतो आणि मोकळे होतो. मग पारावर चर्चा सुरू, "कुणीतरी विष घातलं!"

माझ्या सज्जातल्या एका गावात असंच घडलं. दुभती गाय तोंडाला फेस येऊन मेली. बांधाचा वाद जुना, म्हणून संशय भाऊबंदावर. दुपारी गाय पुरली आणि संध्याकाळी मंडळी फिर्याद द्यायला ठाण्यात. पुरावा काय? काहीच नाही. कुणी विष घातलं की गाय फवारणीचं पाणी प्याली, हे तेव्हा कळलं असतं. दोन्ही घरांचं बोलणं आजही बंद आहे.

मी पशुवैद्य नाही, शेतीची पदविका घेतलेला माणूस. पण डॉक्टरांशेजारी उभं राहून जे पाहिलं ते सांगतो. जिवंतपणी मार बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळलेलं असतं, सूज असते. मेल्यावर फरफटत नेल्याची जखम तशी दिसत नाही. उपाशी ठेवलेल्या बैलाच्या हृदयाभोवतीची चरबी झडलेली असते, हाडातला मगज पातळ, बुळबुळीत झालेला असतो. मग मालक "वैरण भरपूर होती" म्हणो की आणखी काही. कधी उलटंही निघतं. पोटात पाण्याअभावी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीचा चोथा सापडतो. ती ज्वारीच विषारी असते आणि शेजारी बिचारा निर्दोष सुटतो.

जनावराला विष घालणं, मारणं किंवा निकामी करणं याला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आज कडब्याच्या चार पेंढ्या तरी येतील का? पण कलम कोणतंही लावा, शवविच्छेदनाच्या अहवालाशिवाय आरोप सिद्ध करणं फार अवघड.

म्हणून संशय आला की आधी पोलीस पाटलांना आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पोलिसांचा पंचनामा आणि पत्र झालं की शवविच्छेदन दिवसाउजेडी, होईल तितक्या लवकर व्हावं. उन्हाळ्यात तर तासातासाने पुरावा सडतो. एक मात्र पाळा. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी रोग असू शकतो. तिथे कुणीही जनावर फाडू नये, कातडंही काढू नये; डॉक्टर कानाचं रक्त तपासतील.

विषाच्या तपासणीसाठी पोटातलं अन्न, काळीज, मूत्रपिंड असे नमुने मिठाच्या दाट द्रावणात ठेवतात, फॉर्मेलिनमध्ये नाही. वापरलेल्या मिठाचा नमुनाही वेगळा पाठवतात. बरण्यांना पंचांसमोर सील लागतं. मीठ कुठेही मिळेल, पण रुंद तोंडाच्या स्वच्छ बरण्या ऐन वेळी दवाखान्यातही नसतात. ग्रामपंचायतीने चार घेऊन ठेवायला काय हरकत आहे? सरपंच मंडळींनी येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा.