‘कुत्र्याने गिळले’ हे अर्धेच वाक्य आहे

‘श्वानाच्या पोटातून निघाला मोजा’, ‘शस्त्रक्रिया करून काढला चेंडू’ अशा धाटणीच्या बातम्या देशभरातील वृत्तपत्रांत आणि विज्ञानविषयक पानांवर अधूनमधून झळकतात. सोबत एक्स-रेची प्रतिमा असते आणि शेवटी ‘श्वान सुखरूप’ हे आश्वासन. वाचक हळहळतो, किंचित हसतो आणि पुढे सरकतो. या बातम्यांत विज्ञान तेवढे नसते. वस्तू पोटात गेल्यावर नेमके काय घडते आणि ते टाळणे कोणाच्या हाती होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. दोष मात्र पहिल्याच ओळीत ठरलेला असतो: कुत्रा खादाड, मालक बेफिकीर.

वास्तविक या घटनांत अद्भुत असे काहीच नाही. शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे त्यांचा अंदाज आधीच बांधता येतो. आणि ज्याचा अंदाज बांधता येतो, त्याला अपघात म्हणून सोडून देणे ही बौद्धिक आळसाची खूण आहे.

रिमोट, खेळणी आणि वजनकाट्यांत असणारा 3 व्होल्टचा बटन सेल घ्या. तो अन्ननलिकेत अडकला की ओलसर ऊतींमधून विद्युतप्रवाह वाहू लागतो. ऋणाग्राजवळ पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्साइड आयन साठतात आणि तीव्र अल्कलीने ऊती जळू लागतात. दोन तासांच्या आतच गंभीर इजा होऊ शकते. त्यासाठी सेल फुटावा किंवा गळावा लागत नाही. पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः सुमारे 1.23 व्होल्ट पुरतात; म्हणून रिमोट चालवू न शकणारा, ‘संपलेला’ समजून टेबलावर टाकलेला सेलही घातकच असतो.

दोरा त्याहून फसवा. त्याचे एक टोक जठराच्या निर्गमद्वारापाशी अडकते आणि उरलेला दोरा आतडे आपल्या नेहमीच्या लाटांनी पुढे ढकलत राहते. नेफ्यातली नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. बारीक दोऱ्याचे संपर्कक्षेत्र अत्यल्प, म्हणून थोड्या बलानेही दाब प्रचंड. प्रत्येक लाटेबरोबर तो करवतीसारखा भिंत कापत जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दिसणारा दोरा ओढून काढणे म्हणजे तीच करवत स्वतः चालवणे होय.

आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा तर घराघरांत असतात. त्यांनी आतडे तुंबले की मागचा भाग वायू आणि द्रवाने फुगतो. नळीच्या भिंतीवरील ताण हा दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट झाली की तेवढ्याच दाबाला ताणही दुप्पट. ताणलेल्या भिंतीतील रक्तप्रवाह मंदावतो आणि ऊती मरू लागतात. शिवाय कोय, कापड, प्लॅस्टिक या वस्तू साध्या एक्स-रेवर बहुधा स्पष्ट दिसत नाहीत. बातमीत छापण्याजोगी ठळक प्रतिमा ज्यांची मिळते, त्याच वस्तूंना प्रसिद्धी मिळते. उरलेल्या वाचकाच्या नजरेपासूनही लपून राहतात.

यावर ठरलेले उत्तर असते: मालकांनी काळजी घ्यावी. घ्यावीच. परंतु मुलांच्या बाबतीत देशाने एवढ्यावर समाधान मानले नाही. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह अनिवार्य झाले. लहानग्यांच्या खेळण्याचा सुटा भाग 31.7 मिलीमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावतो का, हे तपासले जाते. पालक सदैव सावध राहू शकत नाहीत, हे गृहीत धरूनच हा नियम आला.

त्या आदेशातील ‘खेळणे’ म्हणजे मात्र 14 वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून बनवलेली वस्तू. केवळ कुत्र्यासाठी विकले जाणारे खेळणे या व्याख्येत बसत नाही. ज्या प्राण्याला हात नाहीत, जो जगाची ओळख तोंडाने करून घेतो आणि ज्याचा जबडा बाळाच्या हिरड्यांहून कितीतरी पटींनी बलवान आहे, त्याच्या हाती दिलेला चेंडू या कसोट्यांबाहेर राहतो. तो बाळासाठी पुरेसा मोठा असला, तरी लॅब्राडॉरच्या घशासाठी पुरेसा मोठा असेलच असे नाही. वेष्टनावर ‘दणकट’ लिहिण्यासाठी किती न्यूटन बल सोसावे लागते, हा प्रश्न येथे कोणी विचारत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर ‘मालकाची बेफिकिरी’ हा युक्तिवादच कोसळतो. त्यांना मालक नसतो. त्यांच्यासमोर असते ती शिळे अन्न भरून गाठ मारलेली पिशवी. 31 डिसेंबर 2022 पासून प्लॅस्टिक पिशवीची किमान जाडी 120 मायक्रॉन झाली. जाड पिशवी पुन्हा वापरली जाईल, ही त्यामागची अपेक्षा. पण जाडी वाढली म्हणून पिशवीतील भाताचा वास कमी होत नाही, आणि पोटात गेलेले प्लॅस्टिक पचू लागत नाही. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याचा नियम 2016 पासून आहे. ती गाठ सुटणे हाच खरा उपाय होता. येथे गिळणारा कुत्रा असला, तरी वाढणारा माणूसच आहे.

म्हणून विज्ञानवार्तांकन करणाऱ्यांकडून किमान दोन गोष्टींची अपेक्षा रास्त ठरते. पहिली, अशा प्रत्येक बातमीत उपयोगी माहिती यावी: वारंवार उलटी, अन्न न जाणे, पोट ताठणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्य गाठावा, मीठपाणी पाजून घरी उलटी करवू नये, कारण मिठाचा अतिरेक स्वतःच विषारी ठरतो आणि सेल किंवा टोकदार वस्तू परतताना दुसऱ्यांदा इजा करते. दुसरी, बातमीने वस्तूच्या निर्मात्याला आणि मानके ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारावा. प्राण्यांच्या खेळण्यांसाठी आकाराची, चावण्याच्या बलाची आणि सुट्या भागांची सक्तीची कसोटी आखणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी लागणारी यंत्रे साध्या प्रयोगशाळेतही असतात.

‘कुत्र्याने गिळले’ या वाक्याला कर्ता आहे, पण तो अपुरा आहे. ती वस्तू कोणी बनवली, कोणी तपासली नाही आणि कोणी उघड्यावर टाकली, हे लिहिल्याखेरीज ती विज्ञानाची बातमी होत नाही.