हिरवळ ही चैन नव्हे!

आमच्या नगरव्यवहारात बागेला जे स्थान मिळते, ते ताटातील कोशिंबिरीहून अधिक नाही. रस्ते झाले, गटारे झाली, जलवाहिन्या झाल्या आणि त्यानंतर पैसा उरलाच, तर चार झाडे व दोन बाके! ही समजूत किती चुकीची आहे, हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झालेल्या एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. मुंबईकरांनी तो मुळातून समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

फिलाडेल्फिया हे एके काळचे कारखान्यांचे शहर. कारखाने गेले, वस्ती ओसरली, घरे पडली आणि हजारो भूखंड ओस राहून उकिरडे बनले. तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉ. युजिनिया साउथ या तातडीच्या उपचार विभागात रोगी तपासणाऱ्या चिकित्सक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ५४१ भूखंड निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन वाटे केले. पहिल्या वाट्यातील जागा साफ व सपाट करून तेथे गवत आणि थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले आणि (ही गोष्ट आमच्या नगरपित्यांनी विशेष ध्यानात ठेवावी) पुढेही नियमाने निगा राखली. कुंपणाला वाट ठेवलेली होती. ते कचऱ्याच्या गाड्या अडविण्यासाठी होते, माणसे अडविण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वाट्यातील जागांवरचा नुसता कचरा उचलला. तिसरा वाटा होता तसाच राहू दिला. शेजारच्या रहिवाशांना त्यांच्या मनःस्थितीविषयी आधी आणि नंतर प्रश्न विचारण्यात आले.

निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. जेथे काहीच केले नव्हते त्या जागांच्या तुलनेने, हिरवळीच्या शेजारी राहणाऱ्यांत खिन्नता वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट त्याहूनही मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या जागांभोवती मात्र लक्षणीय फरक पडला नाही. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. झाडू हाती घेऊन छायाचित्र काढून घेणे हा आमच्याकडे स्वच्छतेचा सर्वमान्य विधी होऊन बसला आहे; त्याने रस्ता चार दिवस झाडलेला राहील, मनावरचे मळभ हटणार नाही.

कोणी म्हणेल, काहीशे लोकांच्या सांगण्यावर एवढी मदार कशी ठेवावी? शंका रास्त आहे. गवताने गंभीर मनोविकार बरे होतात, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु हा पुरावा एकाकी नाही. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे १९८४ सालीच प्रसिद्ध झाले होते.

आता मुंबईकडे वळू. येथेही कारखाने गेले आणि मोकळी जमीन उरली, पण येथील मोकळ्या जमिनीला सोन्याचा भाव होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे बंद गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा महापालिकेकडे सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी यावयाचा होता. २००१ साली दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर इमारती उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. कायद्याचा प्रश्न तेथे संपला. लालबाग-परळच्या चाळींतील माणसाला श्वास घ्यावयास जागा कोठे, हा प्रश्न संपलेला नाही.

गेलेली जमीन परत येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण फिलाडेल्फियातील भूखंड काही उद्याने नव्हते; पडलेल्या घरांएवढ्या त्या जागा. अशा एका जागेला सुमारे १,६०० डॉलर आणि पुढे वर्षाकाठी १८० डॉलर खर्च आला. मुंबईत बागेसाठी व मैदानासाठी राखून ठेवलेल्या, परंतु तशाच पडून असलेल्या जागांची विभागवार यादी महापालिकेने प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक जागेच्या देखभालीची तरतूद कोणत्या शीर्षकाखाली आहे, तेही तिच्यासमोर लिहावे. आमची मागणी तूर्त एवढीच आहे.